फुगाबाईची कापसाची बंडी

मित्रांनो, मी एक जुनी बंडी आहे. पण मिरवायची नव्हे, लपवायची. मला अंगात घालून कोणी आरशापुढे गिरकी घेतली नाही. मी दिसले की घात, असेच माझे आयुष्य होते. माझ्यावर सहा-सहा झालरींचे झगे चढत, त्यांवर टिकल्या, पिसे, कमरपट्टे चढत, आणि पडद्यावर लोक त्या झग्यांना हसत. त्या सगळ्याच्या आत, अंधारात, घामाने चिंब होऊन मी एका बाईंच्या छातीला बिलगून असे आणि त्यांचे काळीज ऐकत असे. ते इतक्या जोरात धावायचे की मला वाटे, आता हे बाहेर कोणाला तरी ऐकू जाणार आणि आमचे बिंग फुटणार.

त्या बाईंना सगळे फुगाबाई म्हणत. गाण्यांच्या सिनेमांचा तो काळ होता. नायक-नायिका बागेत गात, रुसत, पुन्हा गात. आणि प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करू लागले की फुगाबाई येत. त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी थिएटरभर खसखस पिके. एकाच ओळीत त्या पाळण्यातल्या बाळासारखा बारीक आवाज काढत आणि त्याच ओळीच्या शेवटी बोटीच्या भोंग्यासारखा. सुरात उचकी देणे, सुरात शिंकणे, सुरात जांभई देणे, हे त्यांनाच जमे.

सुरुवातीला त्या कोरसमध्ये, पंधरा जणींच्या रांगेत शेवटी उभ्या राहून गात. एकदा मेजवानीच्या प्रसंगात त्यांची खुर्ची मोडली. बाई धाडकन खाली आल्या, पण तोंडातला सूर काही सुटला नाही. उलट पडता पडता त्यांनी त्या सुराला अशी काही उचकी दिली की कॅमेऱ्यामागची माणसे तोंड दाबून हसली. दिग्दर्शकांनी तो प्रसंग तसाच ठेवला. पुढच्या सिनेमात त्यांना आख्खे गाणे मिळाले. त्यात त्या एका दारात अडकतात आणि तिथूनच गातात:

"दार मोठं करा हो, दार मोठं करा,
एक पाय आत आला, दुसऱ्याला धरा!"

ते गाणे गल्लोगल्ली झाले. बाई बाजारात गेल्या की दुकानदार हात जोडून म्हणत, "या बाई, दार मोठं केलंय!" बाई हसत. हसवणे हे त्यांचे काम होते आणि काम त्या चोख करत.

हे सगळे माझ्या जन्माआधीचे. मी ते मावशीकडून ऐकले. मावशी म्हणजे स्टुडिओच्या कपडेपटातली सगळ्यांत जुनी शिवणारी. गळ्यात दोरीला बांधलेली कात्री आणि तोंडात टाचण्या. त्यामुळे ती बोले ते अर्धे दातांतून. चारचौघांत ती फुगाबाईंना "बाई" म्हणे, पण दार लावले की "पोरी". कोरसच्या दिवसांपासून त्यांचे कपडे तीच शिवत आली होती.

एके दुपारी नव्या झग्याचे माप घेताना मावशीने टेप बाईंच्या कमरेभोवती फिरवली, आकडा पाहिला आणि पुन्हा फिरवली.

"पोरी, श्वास सोड."

"सोडलाय की."

"मग पोट कुठं गेलं?"

"घरी विसरून आले वाटतं," बाई म्हणाल्या.

मावशी हसली नाही. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून टोचणीच्या उशीला लावल्या. "तीन महिन्यांत मी तुझे झगे चारदा आत घेतलेत. कोणाला बोलले नाही. हात बघू तुझा."

बाईंनी हात पुढे केला. बोटे पानासारखी थरथरत होती.

"खाते तर दोघींचं," बाई हळूच म्हणाल्या. "छोटीच्या ताटातलं उरलेलंसुद्धा. पण अंगी लागत नाही. आणि सारखी धडधड होते, मावशी. नुसती बसले तरी वाटतं, कोणीतरी मागे लागलंय."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"हा सिनेमा संपू दे."

मावशीला कारण ठाऊक होते. बाईंच्या करारात एक कलम होते: वजन ठरलेल्या आकड्याखाली उतरले, तर कंपनीला करार मोडता येईल. ते कलम लिहिले तेव्हा सगळे हसले होते. बाईही हसल्या होत्या. वजन उतरेल अशी भीती त्यांना तेव्हा कशाला वाटेल? पण आता घरात त्या आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी, दोघीच होत्या. छोटीचे वडील ती रांगत होती तेव्हाच गेले होते. बाईंना दुसरे काही काम येत नव्हते आणि दुसरे काही करायची त्यांची इच्छाही नव्हती.

तर मित्रांनो, माझा जन्म असा भीतीतून झाला. तीन दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, कपडेपटाचे दार आतून लावून मावशीने मला शिवले. वरून मांजरपाट, आत पिंजलेला कापूस. पोटाला तीन थर, पाठीला दोन, दंडांना वेगळ्या गुंडाळ्या. कापूस सरकू नये म्हणून आडवे-उभे टाके आणि पाठीवर घट्ट आवळायची नाडी. बाईंचा चेहरा मुळातच गोल, त्यामुळे तो लवकर उघडा पडला नाही. मानेशी मात्र मावशीने प्रत्येक झग्याला मोठी झालर लावायला सुरुवात केली, कारण तिथे एक सूज दिसू लागली होती.

पहिल्या दिवशी मी सेटवर गेले तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. बाई एका जाड पोलीसिणीची भूमिका करत होत्या. गाणे सुरू झाले. त्या वळल्या, वाकल्या, टेबलावर आपटल्या. माझे टाके ताणले गेले, पण एकही उसवला नाही. "कट!" असे ओरडून दिग्दर्शक धावत आले. ते मोठ्या आवाजाचे, मोठ्या मनाचे गृहस्थ होते. चांगला विनोद झाला की टोपी हवेत उडवत. "बाई, आज तर तुम्ही दुप्पट दिसताय!" ते म्हणाले.

"कालच्यापेक्षा दुप्पट, साहेब. उद्या चौपट," बाई म्हणाल्या आणि सगळे हसले. आत मात्र मला त्यांच्या काळजाचे ठोके मोजता येईनात, इतके ते भराभर पडत होते.

मला स्टुडिओत ठेवणे धोक्याचे होते. म्हणून काम संपले की बाई मला गाठोड्यात बांधून घरी नेत आणि स्वयंपाकघरात खुर्चीच्या पाठीवर वाळत घालत. तिथे माझी आणि छोटीची ओळख झाली. आई शाळेतून न्यायला येत नाही, आईचे हात थरथरतात, आई रागावते आणि लगेच रडते, हे सगळे ती पाहत होती, पण विचारत नव्हती. एकदा बाईंनी मला घालून पाहिले, तशी ती पळत आली आणि तिने आईला घट्ट मिठी मारली. खूप वेळ सोडलीच नाही.

"काय झालं गं?"

"काही नाही. ही घातलीस की तू आधीसारखी लागतेस," छोटी म्हणाली. "नाहीतर मला तुझी हाडं टोचतात."

बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. आणि मला, मित्रांनो, पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात नवीनच संकट आले. पुढच्या सिनेमाच्या जाहिरातीसाठी कंपनीच्या मालकांनी एक टूम काढली. गोदामातल्या, सामान तोलायच्या मोठ्या काट्यावर फुगाबाईंना उभे करायचे, वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांना बोलवायचे आणि आकडा पुकारायचा. बातमी ऐकून बाई थेट मावशीकडे आल्या. कापूस डोळ्यांना फसवतो, काट्याला नाही.

मावशीने दोन दिवस विचार केला. पडदे नीट पडावेत म्हणून त्यांच्या खालच्या कडेत शिशाच्या गोळ्या घालतात. तसल्या गोळ्यांची आख्खी पिशवी तिने कुठूनशी आणली आणि माझ्या पोटात, पाठीत, दोन्ही बगलांखाली एकेक करून शिवली. "चार दिवसांचा प्रश्न आहे," ती मला म्हणाली, की स्वतःलाच, कोण जाणे. "तोलणं झालं की काढून टाकीन."

काट्यावर चढताना बाईंचे गुडघे लटपटत होते. त्यांनी ते चालीतच मिसळून टाकले आणि लोकांना वाटले, ही नवी गंमत आहे. काटा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, थरथरत राहिला. स्थिर काही होईना, कारण बाईच स्थिर नव्हत्या.

मालक पुढे झाले. "हा काटा असा का हलतोय?"

"घाबरलाय बिचारा," बाई म्हणाल्या. "त्याच्याशी जरा हळू बोला."

हशा झाला, दिवे चमकले, कोणीतरी आकडा पुकारला. ठरलेल्या आकड्यापेक्षा थोडासाच जास्त. मालकांनी टाळ्या वाजवल्या. कपडेपटात परत आल्यावर बाईंनी कोपऱ्यातल्या बादलीत ओकारी काढली आणि मावशी त्यांची पाठ चोळत राहिली.

शिसे मात्र निघाले नाही. कारण जाहिरात गाजली आणि मालकांनी जाहीर केले की दर महिन्याला फुगाबाईंचे वजन होणार.

शेवटी छोटीनेच डॉक्टरांना घरी आणले. शाळा सुटल्यावर ती एकटी त्यांच्या दवाखान्यात गेली आणि म्हणाली, "माझी आई संपत चाललीय." म्हातारे डॉक्टर बॅग उचलून तिच्याबरोबरच आले. त्यांनी बाईंची नाडी पाहिली, डोळे पाहिले, मानेवरची सूज दोन बोटांनी चाचपली.

"गळ्यातली ग्रंथी भलतंच काम करतेय," ते म्हणाले. "तुम्ही बसलात तरी तुमचं शरीर धावतंय. म्हणून वजन उतरतंय, म्हणून धडधड. ऑपरेशन करावं लागेल."

"कुठे?"

डॉक्टरांनी बोट आपल्याच गळ्यावर ठेवले.

बाईंनी आपला गळा हाताने झाकला. मग म्हणाल्या, "आणि आवाज?"

"आवाजाची नस तिथूनच जाते. सर्जन काळजी घेतील. पण मी तुम्हाला शब्द देऊ शकत नाही."

"म्हणजे आत्ता आवाज आहे, वजन नाही. मग वजन येईल, आवाज जाईल. डॉक्टर, दोन्ही एकदम मिळायची काही सोय नाही का?"

डॉक्टर हसले नाहीत. "बाई, काळजावर ताण येतोय. असंच चालू राहिलं तर तिसरंच काहीतरी होईल."

"हा सिनेमा संपू दे," बाई म्हणाल्या. खुर्चीच्या पाठीवरून मी ते ऐकले. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

त्या सिनेमात शेवटचे एकच गाणे राहिले होते. स्टुडिओच्या मागच्या अंगणात सिमेंटचा मोठा हौद होता, गळ्याइतक्या पाण्याचा. त्यात एक छोटी होडी सोडली होती. बाईंनी होडीत बसून, छत्री उघडून, येणाऱ्या-न येणाऱ्या प्रियकराची वाट पाहत गायचे होते. पाण्याला शिवायचेही नव्हते, आणि आवाज नंतर वेगळा मुद्रित होणार होता. सकाळपासून सगळे सुरळीत झाले. मावशी हौदाच्या काठावर स्टुलावर बसली होती. मला वाटू लागले, आता दोन ओळी, मग सुटलो.

इतक्यात दिग्दर्शकांनी टोपी उडवली. "बाई, सुचलं! शेवटच्या ओळीला होडी उलटते. तुम्ही पाण्यात! क्षणभर नुसते बुडबुडे. मग तुमचं डोकं वर येतं आणि शेवटचा सूर! लोक खुर्च्यांवरून पडतील!"

मावशी ताडकन उठली. "साहेब, झगा खराब होईल. दुसरा नाही."

"एकदाच करायचंय."

"पाणी गार आहे. घसा बसला तर?"

"मावशी, घसा बाईंचा आहे की तुमचा?"

सगळे हसले. मावशी होडीपाशी वाकली, झालर नीट करायचे निमित्त करून बाईंच्या कानात म्हणाली, "आत शिसं आहे. मला पाच मिनिटं दे."

"सगळ्यांसमोर झगा उतरवू?" बाई ओठ न हलवता म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम आहे, मावशी. पाणी गळ्याइतकंच तर आहे. उभी राहीन."

गाणे सुरू झाले. शेवटची ओळ आली. काठाआड लपलेल्या माणसाने होडीला बांधलेला दोर ओढला आणि आम्ही पाण्यात गेलो.

मित्रांनो, कापसाला पाणी प्यायला वेळ लागत नाही. माझा थरन् थर पाणी पीत गेला. मी फुगले, खरोखरच फुगले, आणि शिशाच्या गोळ्यांनी मला खाली ओढले. बाई पाठीवर पडल्या होत्या. त्यांनी पाय टेकायचा प्रयत्न केला, तो घसरला. पुन्हा प्रयत्न केला. त्यांचे हात पाठीमागे माझी नाडी शोधत होते, आणि ओल्या नाडीची गाठ काही केल्या सुटत नव्हती. मी त्यांना सोडायला धडपडत होते, पण मला घट्ट धरून राहण्यासाठीच तर शिवले होते.

वर बुडबुडे जात होते. दिग्दर्शकांना हवे होते अगदी तसेच. पाण्यातून मला हसण्याचा आवाज ऐकू आला. खूप माणसे हसत होती. आणि त्यांच्यावर चढलेला तो मोठा आवाज, "वा! असंच! अजून, बाई, अजून!"

मग ते काळीज, जे इतके महिने धावत होते, ते एकदम अडखळले.

त्याच वेळी पाणी फुटले आणि मावशी आत आली. तिला पोहता येत नव्हते. एका हाताने होडीची कड धरून तिने दुसऱ्या हाताने कात्री चालवली: झगा, झालर, नाडी. नाडी तुटली तशी मी तळाला गेले आणि बाई वर गेल्या.

हशा थांबला होता. कोणीतरी आकडीची काठी टाकून मला बाहेर काढले आणि काठावर आपटले. दिग्दर्शकांनी मला दोन्ही हातांनी उचलले. त्यांना मी पेलवेना. त्यांची बोटे शिशाच्या गोळ्यांवरून फिरली. शेजारी, फाटक्या झग्यात, एक हडकुळी बाई खोकत, पाणी ओकत पडली होती. तिच्या फासळ्या मोजता येत होत्या. सेटवरच्या चाळीस माणसांपैकी कोणीही तिला ओळखले नाही.

"हे काय आहे?" दिग्दर्शकांनी विचारले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

मावशी थंडीने कुडकुडत होती. "साहेब, तुमची फुगाबाई तुमच्या हातात आहे," ती म्हणाली. "ही माझी पोर आहे. हिला दवाखान्यात न्यायला गाडी सांगा."

करार मोडल्याचे पत्र तिसऱ्या दिवशी आले. बाईंनी ते इस्पितळातल्या खाटेवर वाचले, त्याची घडी घातली आणि मावशीला म्हणाल्या, "चला, एक काळजी मिटली." पंधरा दिवसांनी, काळीज जरा थाऱ्यावर आल्यावर, त्यांचे ऑपरेशन झाले.

त्या दिवसांत छोटी मावशीकडे राहायला होती. मावशीने मला उन्हात वाळवून कपाटावर टाकले होते. माझ्याकडे ती बघतही नसे. छोटी मात्र मला खाली काढी आणि माझ्यावर डोके टेकून पडून राही. "आजी, आईचा आवाज आला का?" ती रोज विचारी. मावशी रोज म्हणे, "येईल."

शुद्धीवर आल्यावर बाईंनी तोंड उघडले तेव्हा नुसती हवा बाहेर आली होती. त्यांना एक पाटी दिली. पहिल्याच दिवशी त्यांनी तीवर लिहिले, "सध्या मी मूकपटात काम करते." परिचारिका हसल्या. ती पाटी पाहून मावशी मात्र घरी येऊन रडली. बाई घरी आल्या, मीही गाठोड्यातून घरी आले. एक महिना पाटी. दुसरा महिना कुजबुज. घरात कोणी भांडे जरी वाजवले तरी छोटी दचकून आईच्या तोंडाकडे बघे.

तिसऱ्या महिन्यात आवाज आला. पण तो त्यांचा नव्हता. खोल, खरखरीत, जड लाकडी खण ओढावा तसा. तो ऐकून बाईंनी पुन्हा पाटी उचलली.

मग एक दिवस त्यांची सगळी गाणी बांधणारे म्हातारे संगीतकार आले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांना गोड बोलता येत नसे. ते सरळ घरातल्या पियानोपाशी बसले आणि म्हणाले, "गा."

बाई गायल्या. वर जाताना आवाज फाटला, मग नाहीसाच झाला.

"वरचं गेलं," मास्तर म्हणाले. "खोटं सांगणार नाही. आता खाली या. अजून खाली. अजून." ते एकेक पट्टी दाबत गेले. बऱ्याच खाली त्यांचे बोट थांबले. "इथून पाच सूर आहेत. पक्के आहेत."

"पाच सुरांत काय होतं, मास्तर?"

"ते मी बघतो. पण हे पाच तुमच्याकडे आधी नव्हते," एवढे बोलून त्यांनी छत्री उचलली आणि गेले.

आठवड्याभराने दिग्दर्शक दारात उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. टोपी हातात चुरगाळत म्हणाले, "त्या दिवशी मी 'अजून' म्हणत होतो."

"ऐकलं मी," बाई म्हणाल्या. "पाण्याखाली ऐकू येतं, साहेब."

त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मी ती कंपनी सोडली. एक लहानसा सिनेमा करतोय. त्यात वरच्या खोल्या भाड्याने देणारी एक खानावळवाली आहे. कधी हसत नाही, कोणाला बोलू देत नाही. एक गाणं आहे. मास्तर बांधतायत. तुम्ही कराल?"

"वजन किती लागेल?"

"मी तो आकडा लिहिलेला नाही," दिग्दर्शक म्हणाले. "लिहिणारही नाही."

शूटिंगच्या दिवशी बाईंनी मावशीला सांगितले, "बंडी पिशवीत घेऊन ये. लागली तर असावी." म्हणून मी गेले. पिशवीत, मावशीच्या मांडीवर. मला दिसत काही नव्हते, नुसते ऐकू येत होते. माझी अवस्था विचित्र होती. माझी गरज पडली तर बाईंचे कसे होणार, ही भीती. आणि पडली नाही तर माझे कसे होणार, हीही भीती.

मित्रांनो, सिनेमाची एक दुष्ट रीत तुम्हाला ठाऊक नसेल. शूटिंग चालू असताना कोणी हसायचे नसते. आवाज मुद्रित होतो. नाटकात लगेच कळते, लोकांना आवडले की नाही. इथे विनोद करायचा तो शांततेत. बाई ते वर्षानुवर्षे करत आल्या होत्या, पण तेव्हा त्यांच्या अंगावर वजन होते. ते पाहिल्यावर लोक हसणार, याची त्यांना खात्री असे. आता त्या साध्या करड्या झग्यात, उतरलेल्या अंगाने उभ्या होत्या.

गाणे सुरू झाले. खानावळवाली नव्या भाडेकरूला नियम सांगते: जिन्यावर धावायचे नाही, खोलीत शिट्टी वाजवायची नाही, सूपमध्ये जे दिसेल त्याबद्दल विचारायचे नाही. पाच सूर, खोल, सावकाश, गंभीर. प्रत्येक नियमानंतर एक लांब विराम. त्या विरामांत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हते. दुसरा नियम झाला, शांतता. तिसरा झाला, शांतता. मावशीची बोटे पिशवीवरून माझ्यात रुतत होती. चौथा नियम सांगता सांगता बाईंचा आवाज फाटला. मी मनात म्हटले, संपले. पण त्यांनी तो फाटलेला सूर तसाच धरून ठेवला, भाडेकरूकडे असे बघितले की जणू तो त्यानेच फाडला, आणि पुढचा नियम म्हटला: "माझ्या आवाजाला हसायचं नाही."

वरून, दिव्यांच्या माचीवरून, नाकातून फुस्स केल्यासारखा एक आवाज आला. मग दाबलेला खोकला. मग दाबता न आलेले हसू.

"कट!" दिग्दर्शक ओरडले. "कोण हसलं?"

"चुकलं, साहेब," वरून दिवेवाला म्हणाला. "आवरलं नाही."

ध्वनिमुद्रकाने कानावरची यंत्रे काढली. "सगळं आलंय आत, साहेब. हसण्याचा आवाज स्पष्ट आहे. टेक वाया गेला."

"वाया गेला?" बाईंनी विचारले. "नक्की वाया गेला?"

"पूर्ण वाया, बाई."

बाई खाली बसल्या आणि त्यांनी ओंजळीत तोंड लपवले. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला पिशवीतून कळले नाही. मग एकेक करून सगळा सेट हसू लागला. तो टेक सात वेळा करावा लागला. सातही वेळा पिशवी उघडली नाही.

पुढे बाई आधीइतक्या मोठ्या झाल्या नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगते. अकरा सिनेमे, लहान-लहान भूमिका, एकेक गाणे. मुले त्यांच्या त्या खोल आवाजाची नक्कल करत. बाजारात दुकानदार त्यांना बघून दार मोठे करत नसत. खानावळीचे नियम विचारत.

मला मावशीने एके दिवशी मांडीवर घेतले, कात्रीने माझे टाके उसवले आणि शिशाच्या गोळ्या एकेक करून बशीत टाकल्या. मग माझ्या दंडाच्या गुंडाळ्या आत दुमडल्या, मला चौकोनी शिवले आणि पियानोपुढच्या स्टुलावर ठेवले. रोज सकाळी बाई माझ्यावर बसून रियाज करत. त्यांचे अंग हळूहळू भरत होते. दर महिन्याला मला ते जाणवे. इतकी वर्षे मी खोटे वजन म्हणून जगले. आता मी त्यांचे खरे वजन झेलत होते, आणि वर ते काळीज शांत, सावकाश चालत होते.

आता मावशी नाही, बाईही नाहीत. छोटी स्वतः आजी झाली आहे. तिच्याकडे अजून तो पियानो आहे, पण त्यापुढे कोणी बसत नाही. माझ्या कापसाच्या गुठळ्या झाल्या आहेत, एका कोपऱ्यातून मी गळते आहे. कोणी वर्षातून दोनदा उन्हात ठेवले तरी मला पुरेल. माझे मागणे त्याहून वेगळे आहे.

मित्रांनो, आजार अंगावर काढू नका. ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे, त्याला वेळेवर सांगा. छोटीसारखे कोणी डॉक्टरांकडे धावेपर्यंत थांबू नका. कोणाच्या जाडीला, कोणाच्या बारीकपणाला हसून त्याच्या पोटात भीती पेरू नका. त्या भीतीसाठी मग कोणाला तरी माझ्यासारखी बंडी शिवावी लागते. आणि पाण्यात कोणी हातपाय मारत असेल आणि तुम्हाला हसू येत असेल, तर आधी त्याच्या तोंडाकडे नीट बघा. हसायचे राहून गेले तर पुन्हा हसता येते.